वेदनेची खरेदी कोणासाठी?

मागच्या गळीत हंगामात आम्ही इंदापूर तालुक्यात भिगवणच्या अलीकडे एका फडावर गेलो होतो. सकाळचे नऊ वाजले होते. पहाटे चारला कोयता हातात घेतलेल्या बाया तेव्हा मोळ्या बांधून डोक्यावरून टायरगाडीकडे नेत होत्या. त्यांतली एक बाई, वय पस्तीसच्या आसपास, मोळी टाकून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. काय होते म्हणून विचारले, तर तिने पदराच्या गाठीतून गोळ्यांची पट्टी काढून दाखविली. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळालेली वेदनाशामक गोळी. सकाळी एक, दुपारी एक, रात्री झोप यावी म्हणून आणखी एक. किती वर्षे? "सात-आठ हंगाम झालं." डॉक्टरला दाखविले का? ती हसली आणि म्हणाली, "दादा, पाठ माझी हाय, पर तिच्यावर उचल मुकादमाची हाय."

या एका वाक्यात महाराष्ट्राच्या साखरेचे सगळे अर्थशास्त्र आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. कोयत्यावर उचल. उचल फिटेपर्यंत शरीर गहाण. आणि गहाण पडलेल्या शरीराला दुखण्याची मुभा नसते. एक दिवस खाडा झाला की खाड्याचा दंड उचलीवर चढतो.

आज हा विषय काढण्याचे कारण वेगळेच आहे. वेदनेवर आता यंत्रे आली आहेत, शरीराच्या आत बसविण्याची. मोठ्या शहरांतील पंचतारांकित खासगी रुग्णालयांत ती बसविली जातात. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांनी ती विकत घ्यावीत काय, हा प्रश्न आज ना उद्या प्रत्येक महाविद्यालयापुढे येणार आहे. बारामतीला 2019 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, आज ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने ओळखले जाते. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा असे कारखाने उभे आहेत. दर हंगामाला बीड, जालना, परभणी, अहिल्यानगरकडून ऊसतोड कामगारांचे तांडे येथे येतात. म्हणजे ज्या गावात वेदनेचे शिक्षण देणारे रुग्णालय आहे, त्याच्या वेशीवरच वेदना कोपी टाकून बसली आहे. तेव्हा हा प्रश्न येथे विचारला नाही तर कोठे विचारायचा?

आधी ही यंत्रे काय आहेत ते समजून घेऊ. आपल्या लोकांना अज्ञानात ठेवूनच सगळे व्यवहार होत आले आहेत.

पहिले यंत्र म्हणजे औषधाचा पंप. पोटाच्या कातडीखाली तो शस्त्रक्रियेने बसवितात. त्यातून एक बारीक नळी पाठीच्या कण्यातील द्रवापर्यंत नेतात आणि मॉर्फिनसारखे औषध थेंबाथेंबाने थेट तेथे सोडतात. तोंडाने तीनशे मिलिग्रॅम मॉर्फिन घेऊन जे काम होते, ते येथे साधारण एका मिलिग्रॅममध्ये होते, असे वैद्यकशास्त्रात ढोबळमानाने धरतात. ज्या कॅन्सरच्या रुग्णाला गोळ्यांनी आराम पडत नाही, किंवा गोळ्यांच्या दुष्परिणामांनीच जो बेजार होतो, त्याला हा पंप वरदान ठरू शकतो. दुसरे यंत्र मज्जारज्जूला विजेचे सौम्य ठोके देते. 1965 साली मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी मांडले की वेदनेच्या वाटेवर जणू एक दार असते आणि ते अंशतः बंद करता येते. या विचाराच्या आधारे 1967 साली अमेरिकेत असे पहिले यंत्र माणसाच्या शरीरात बसविले गेले. पाठीची शस्त्रक्रिया होऊनही ज्यांचे दुखणे थांबत नाही, मज्जातंतूंच्या इजेने ज्यांचा हातपाय जळत राहतो, अशा निवडक रुग्णांसाठी ते वापरतात. दोन्ही यंत्रांची किंमत लाखांत असते.

येथे आमच्यातलेच काही लोक चटकन म्हणतील, गोरगरिबांच्या दवाखान्यात साधी सलाईन मिळत नाही, तेथे लाखांची यंत्रे कशाला? आम्ही या मताचे नाही. श्रीमंताला पंप आणि गरिबाला गोळी, ही वाटणी आम्हाला मान्य नाही. विद्या उच्चवर्णीयांना आणि सेवा शूद्रांना, ही वाटणी ज्यांनी नाकारली त्यांच्या लेकरांनी विज्ञानाची वाटणी तरी का मान्य करावी? इंदापूरच्या एखाद्या भूमिहीन बौद्ध शेतमजुराला कॅन्सर झाला आणि त्याच्यावर पंपाशिवाय दुसरा इलाज नसेल, तर त्याला तो सरकारी खर्चाने मिळालाच पाहिजे. तो उपकार नव्हे, हक्क आहे.

परंतु दुसरा धोकाही तितकाच खरा आहे. तो न सांगता आम्ही फक्त यंत्रांचा जयजयकार केला तर ती समाजाशी बेइमानी ठरेल. गरिबाच्या शरीरावर काहीही करून पाहता येते, ही या व्यवस्थेची जुनी सवय आहे.

पुरावा हवा असेल तर बीडकडे पाहा. ऊसतोड करणाऱ्या बायांचे ओटीपोट दुखे, कंबर दुखे, अंगावरून जाई. वेदनेवर उपाय म्हणून काय केले गेले? गर्भाशयच काढून टाकले गेले. 2019 साली हा प्रकार विधिमंडळात गाजला, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वेळी बीड जिल्ह्यात 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे दर सहा जणींमागे एक. या बायांना कोणी आधी तपासणी, मग गोळ्या, मग विश्रांती, मग शेवटी शस्त्रक्रिया अशी पायरी दाखविली नाही. पाळी गेली की खाडा नको, खाडा नाही की दंड नाही, हे गणित मुकादमाला सोयीचे होते आणि शस्त्रक्रिया करणाऱ्याला फायद्याचे. वेदना बाईची, सोय मुकादमाची आणि कमाई दवाखान्याची!

ज्या समाजाने हे सोसले, त्याने शरीरात बसविण्याच्या यंत्राविषयी चार प्रश्न विचारले तर त्याला कोणी अडाणी म्हणू नये.

पहिला प्रश्न असा की हे यंत्र खरोखर कामाचे आहे काय? कोणत्या रुग्णाला, हे ठरल्याशिवाय याचे उत्तर देता येत नाही. 2023 साली कोक्रेन या जगन्मान्य संस्थेने कंबरदुखीसाठी मज्जारज्जूला ठोके देणाऱ्या यंत्रांवरील 13 चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. नुसत्या कंबरदुखीवर या यंत्राचा टिकाऊ फायदा दिसत नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. 2018 साली शोधपत्रकारांच्या आंतरराष्ट्रीय गटाने इम्प्लांटविषयीची कागदपत्रे उघड केली, तेव्हा अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे 2008 पासून अशा यंत्रांबाबत ऐंशी हजारांहून अधिक घटनांची नोंद झाल्याचे समोर आले. यावरून यंत्र टाकाऊ ठरत नाही. पण फडावर वाकून वाकून झिजलेल्या मणक्यावर सरसकट ते बसवून मोकळे होता येणार नाही, इतके मात्र ठरते. म्हणूनच आधी काही दिवस तात्पुरती तार घालून आराम पडतो का ते पाहावे आणि मगच कायमचे यंत्र बसवावे, अशी शास्त्राची पद्धत आहे. पंपाच्या बाबतीतही आधी औषधाची चाचणी-मात्रा देऊन पाहतात. ही पायरी गाळली तर ते उपचार नव्हेत, तो धंदा आहे.

दुसरा प्रश्न: यंत्र बसविल्यानंतर पुढे काय? हा प्रश्न आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि तोच कोणी विचारीत नाही. पंपातले औषध संपते. साधारण एक ते तीन महिन्यांनी कातडीतून सुई घालून तो पुन्हा भरावा लागतो. त्याची बॅटरी काही वर्षांनी संपते, तेव्हा पंपच बदलावा लागतो. पंप कोरडा पडला तर वेदना दुप्पट जोराने परतते, शरीर औषधाला सरावलेले असल्याने रुग्णाची तडफड होते. आखडलेल्या स्नायूंसाठी बॅक्लोफेन नावाचे औषध याच पंपातून देतात, ते एकाएकी बंद पडले तर जिवावर बेतू शकते.

आता कल्पना करा. जानेवारीत हंगाम भरात असताना एखाद्या ऊसतोड कामगाराला बारामतीत पंप बसविला. एप्रिलमध्ये पट्टा पडला, तांडा परत निघाला. तो कामगार पाटोद्याला, शिरूर कासारला, आष्टीला आपल्या गावी पोहोचला. तेथे त्याचा पंप कोण भरणार? तालुक्याच्या रुग्णालयात ती सुई आहे काय, ते औषध आहे काय, पंपाची मात्रा बदलणारे यंत्र आहे काय? नसेल, तर तीनशे किलोमीटरची ये-जा करून हा माणूस दर दोन महिन्यांनी बारामतीला येईल काय? ज्याच्याकडे एस.टी.च्या भाड्याला उचल घ्यावी लागते, त्याच्या पोटात आपण लाखाचे यंत्र ठेवणार आणि ते कोरडे पडू देणार! स्थिर घर, स्थिर नोकरी असलेला रुग्ण डोळ्यांपुढे ठेवून हे यंत्र बनले आहे. स्थलांतर करणाऱ्या माणसासाठी ते घ्यायचे असेल तर यंत्राबरोबर त्याच्या वाटेवरची सगळी साखळी विकत घ्यावी लागेल. खरेदीच्या कागदावर फक्त यंत्राची किंमत लिहिली जाते, या साखळीची लिहिली जात नाही. फसवणूक येथेच होते.

तिसरा प्रश्न खरेदीचा. महाराष्ट्रात 2017 पासून सरकारी रुग्णालयांची औषधे व साहित्य हाफकिन महामंडळामार्फत घेतले जाऊ लागले. विलंबाच्या तक्रारी वाढल्या, म्हणून 2023 साली कायदा करून स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण निर्माण करण्यात आले. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या आरंभी नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 48 तासांत 31 रुग्ण दगावले, त्यांत नवजात बालके होती. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि औषधखरेदीपासून रिक्त पदांपर्यंत सगळे प्रश्न चव्हाट्यावर आले. मरणारी लेकरे कोणत्या समाजाची होती, हे वेगळे सांगायला नको. तेव्हा आमचे म्हणणे साधे आहे. निविदेच्या अटी जाहीर व्हाव्यात. त्या एकाच कंपनीच्या मापाने शिवलेल्या नसाव्यात. देखभाल, औषधभरणी, बॅटरी बदल यांचा खर्च त्याच करारात असावा. हृदयाच्या स्टेंटची कमाल किंमत केंद्र सरकारने फेब्रुवारी 2017 मध्ये ठरवून दिली, औषधयुक्त स्टेंट 29,600 रुपयांवर आला. त्याच वर्षी गुडघ्याच्या सांध्यांवरही मर्यादा आली. सरकारने मनात आणले तर नफेखोरीला लगाम घालता येतो, हे यावरून सिद्ध झाले आहे. वेदनेच्या यंत्रांनाच वेगळा न्याय का?

आणि चौथा प्रश्न या सगळ्यांच्या मुळाशी आहे. पंपाच्या आधी गोळी कोठे आहे?

मॉर्फिनची गोळी काही रुपयांत मिळू शकते. तिची अफू आपल्याच देशात, मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने पिकते. नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत. तरीही 2017 सालच्या लॅन्सेट आयोगाच्या अहवालाप्रमाणे भारतात गरजेच्या सुमारे 4 टक्केच अशी औषधे रुग्णांपर्यंत पोहोचतात. म्हणजे अफू पिकविणारा देश आपल्या कॅन्सरच्या रुग्णाला विव्हळत मरू देतो! 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांचे असे जंजाळ उभे केले की रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. 2014 साली संसदेने कायदा दुरुस्त केला, नियम सोपे केले. महाराष्ट्राने तर 2012 मध्येच वेदनाशमन व उपशामक सेवेचे धोरण जाहीर केले, केरळनंतर असे धोरण करणारे हे दुसरे राज्य. धोरण झाले, कायदा सुधारला, पण इंदापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात, भिगवणच्या ग्रामीण रुग्णालयात मॉर्फिनची गोळी मागितली तर ती मिळते काय, हे प्रत्येक वाचकाने एकदा स्वतः जाऊन विचारावे.

केरळने काय केले? 1993 साली कोझिकोडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदना व उपशामक सेवेची संस्था उभारली. त्यांनी पंपाने सुरुवात केली नाही. तोंडाने घ्यायचे मॉर्फिन, घरोघरी जाणाऱ्या परिचारिका आणि गावातले स्वयंसेवक, एवढ्यावर काम उभे राहिले आणि राज्यभर पसरले. शिक्षण देणारे सरकारी रुग्णालय ठरवील तर काय करू शकते, याचा हा धडा आहे. बारामतीच्या महाविद्यालयाला हे अवघड नाही. 2019 साली देशभर डॉक्टरांचा नवा अभ्यासक्रम लागू झाला आणि त्याच वर्षी बारामतीची पहिली तुकडी बसली. या अभ्यासक्रमात वेदना व तिचे व्यवस्थापन हा स्वतंत्र घटक आहे. मग त्या विद्यार्थ्यांना वेदनेचा पहिला पाठ कोपीवर जाऊन का देऊ नये?

एक गोष्ट आणखी. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क करण्यात आले. पण वैद्यकीय महाविद्यालये दुसऱ्या विभागाकडे, म्हणून ती त्या निर्णयात नव्हती. गरिबाला हे विभाग ठाऊक नसतात. इंदापूरहून बारामतीला पाठविलेल्या रुग्णाला एवढेच कळते की तेथे पैसे नव्हते आणि येथे आहेत.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात 1942 ते 1946 मजूरमंत्री होते. कामगारांच्या आरोग्य विम्याचा पाया त्या काळात घातला गेला, अदारकर यांचा अहवाल 1944 साली आला. त्यातून पुढे 1948 चा राज्य कामगार विमा कायदा झाला. पण त्या कायद्याने हंगामी कारखाने वगळले आणि हंगामी कारखान्यांच्या यादीत साखर घातली. कारखान्याच्या आतल्या हंगामी कामगाराची ही गत, तर फडावर कोयता चालविणारा कोणाच्या खिजगणतीत? त्याला मालकच नाही. कारखाना म्हणतो तो मुकादमाचा, मुकादम म्हणतो तो कारखान्याचा. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यावेत असे ठरले आहे. त्या पैशातून या दोन तालुक्यांतल्या फडांवर पाठीचे, मणक्याचे, गर्भाशयाचे दुखणे तपासणारी फिरती पथके का निघू नयेत?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. बारामतीच्या महाविद्यालयात वेदनेचा स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग असावा आणि हंगामात त्याचे पथक दर आठवड्याला फडावर जावे. दोन्ही तालुक्यांच्या सरकारी रुग्णालयांत मॉर्फिन आणि साधी वेदनाशामके कायम उपलब्ध असावीत. पंप वा तारेचे यंत्र ज्या रुग्णाला शास्त्राप्रमाणे लागेल त्याला ते मोफत मिळावे, जात आणि शिफारस न पाहता. ते बसविण्याआधी रुग्णाला मराठीत, त्याच्या बोलीत सगळे समजावून सांगावे, नुसता अंगठा उठवून घेऊ नये. बसविलेल्या प्रत्येक यंत्राची नोंद त्याच्या गावच्या रुग्णालयाकडे जावी आणि ते भरण्याची जबाबदारी लेखी ठरावी. ही जबाबदारी घेणारे कोणी नसेल, तर खरेदीची घाई करू नये.

हे आम्ही का मागतो? 1948 साली राज्यघटनेचे काम चालू असताना बाबासाहेबांच्या पायांत असह्य वेदना होत होत्या, रात्र रात्र झोप नव्हती. वेदना काय असते ते त्यांना पुस्तकातून कळले नव्हते. त्यांनी आपल्याला जो धम्म दिला तो दुःखाचे अस्तित्व मान्य करतो आणि ते दूर करणे हे आपले काम मानतो. दुःख हे पूर्वजन्मीचे पाप आहे, सोस, असे सांगणारा धर्म आपण 1956 साली नागपूरला सोडून आलो. मग फडावरच्या बाईला अजूनही कोण सांगते आहे, सोस म्हणून?

त्या बाईने त्या दिवशी पट्टीतली एक गोळी आमच्यासमोरच पाण्याशिवाय गिळली आणि पुढची मोळी उचलली. येत्या हंगामात ती पुन्हा येईल. ती येण्याआधी बारामतीच्या रुग्णालयात तिच्यासाठी काय तयार असेल, हे विचारण्याचे काम आपले आहे. आपल्या गावातल्या प्रत्येक विहाराने, प्रत्येक मंडळाने हा प्रश्न लेखी विचारावा आणि उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहावे.

जयभीम!